बाकावरचे टंबलर आणि बाकाखालच्या बाटल्या

मांजराकाठ (लातूर)

मी लातुरात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. पाण्याची बाटली दप्तराच्या बाजूच्या जाळीत असते, हे इतकी वर्षं गृहीतच होतं. यंदा ती बाकावर आली. बाटली तरी कशाला म्हणायची, टंबलर. लिटरभर पाणी मावेल असा स्टीलचा उभा पेला, खाली निमुळता, बाजूला भक्कम दांडी, वर पारदर्शक झाकण आणि त्यातून निघालेली जाड नळी. फिका गुलाबी, पिस्ता, मलई, जांभळट. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने त्याच्या तळाला रबरी मोजा चढवलाय, दांडीला नावाच्या मण्यांची माळ बांधलीय आणि नळीच्या टोकावर धूळ जाऊ नये म्हणून ढगाच्या आकाराची इवलीशी टोपी बसवलीय. तास सुरू व्हायच्या आधी ती रुमालाने त्याच्यावरचे बोटांचे ठसे पुसते.

त्याच बाकावर औशाकडच्या एका खेड्यातली मुलगी बसते. तिच्याकडे शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली असते, मेसच्या जारमधून भरलेली. ती बाटली कायम पायाशी. पाणी प्यायचं तर खाली वाकून, तिथल्या तिथे दोन घोट. बाकावर जागा भरपूर आहे.

म्हणून हा धागा काढला. 'पोरांची हौस असते' म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

आधी थंडाव्याचं बघू. या सगळ्या भांड्यांच्या पोटातलं तंत्र एकच आहे. स्टीलच्या दोन भिंती आणि मधली हवा काढून टाकलेली. हवाच नाही म्हटल्यावर वहन आणि अभिसरण, म्हणजे हवेतून होणारी उष्णतेची ये-जा, जवळजवळ थांबतं. प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता, अडवायला चांगल्या बाटल्यांत आतल्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला तांब्याचा पातळ थर देतात. कल्पना जेम्स ड्यूअर यांची, १८९२ सालची. त्यांना द्रवरूप वायू थंड ठेवायचे होते. त्यांनी पेटंट घेतलं नाही, आणि १९०४ मध्ये जर्मनीत त्याच भांड्याचा थर्मास म्हणून धंदा उभा राहिला. स्टीलची बाटली १९१३ ची, अमेरिकेतल्या विल्यम स्टॅन्ली यांची. हेच ते स्टॅन्ली, ज्यांनी १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन गावात ट्रान्सफॉर्मर वापरून दिवे लावून दाखवले. ट्रान्सफॉर्मरचा धडा शिकवताना मी हे आवर्जून सांगते, मुलांचे डोळे मोठे होतात.

तर शंभर वर्षांपूर्वीचं तंत्र, आणि अरुंद तोंडाची, फिरकीच्या बुचाची साधी बाटली पाणी टंबलरपेक्षा जास्त वेळ थंड ठेवते, कारण टंबलरच्या झाकणाला नळीसाठी भोक असतं. म्हणजे जास्तीचे पैसे थंडाव्याचे नाहीत.

मग कशाचे? माझं मत असं आहे. आमच्या मुलांचं बाकी सगळं सारखं करून टाकलंय. गणवेश एक, गळ्यात ओळखपत्र एक, नोट्स एक, चाचणीचा तक्ता एक. मोबाइल वर्गात चालत नाही. खोलीत तिघी-चौघी, कपाट अर्धं. स्वतः निवडलेली आणि दिवसभर सगळ्यांना दिसणारी वस्तू उरते ती एकच, पाण्याचं भांडं. त्याला कुठलाही सर हरकत घेत नाही. घरीसुद्धा नाही म्हणणं अवघड, कारण पोरगी पाणी प्यायचं भांडं मागतेय. बूट मागितले असते तर बापाने विचारलं असतं, जुन्यांना काय झालंय. पाण्याला तसं विचारता येत नाही. बाकी सगळ्या वाटा बंद केल्या की उरलेल्या एका वस्तूवर सगळा भार येतो, आणि तो भार त्या खेड्यातल्या मुलीला वाकायला लावतो.

तुमच्याकडे काय दिसतंय ते लिहा.

भांडेआळी (नांदेड)

ताई, आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासून. तुम्ही लिहिलंय ते काउंटरवर रोज दिसू लालंय. पहिलं गिऱ्हाईक विचारायचं किती लिटरची, गळते का, किती तास गरम राहतं. आता पोरी मोबाइलवर फोटो दाखवतात आणि विचारतात, हाच रंग आहे का. रंग नसला तर निघाल्या. झाकण उघडूनसुद्धा बघत नाहीत.

एक निरीक्षण सांगतो. पितळेची जागा स्टीलने घेतली ती सत्तर-ऐंशीच्या दशकात. तेव्हा आजोबांकडे लोक पितळ मोडीत घालून स्टीलचे डबे न्यायचे. घरात स्टीलची मांडणी असली की ते घर सुधारलेलं. आज त्याच घरातली सून येते आणि तांब्या-पितळेचे हंडे, कळशी विचारते, दिवाणखान्यात मांडायला. वस्तू तीच, मान फिरत राहतो. जे सगळ्यांकडे झालं त्याचा मान गेला, एवढं मी दुकानात बसून शिकलो.

आणि भांड्यावर नाव टाकायची पद्धत तुम्हाला आठवत असेल. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर कुणाकडून, कुणाला, तारीख. टिकटिक करत ठोकून नाव घालणारे आमच्या ओट्यावर बसायचे. आता टंबलरवर लेसरने नाव घालून मागतात. फरक एवढाच, तेव्हा देणाऱ्याचं नाव असायचं, आता घेणाऱ्याचं.

टाकोमा व्हाया परभणी

इकडे अमेरिकेत हे प्रकरण डोळ्यांसमोर घडलं, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टॅन्ली कंपनीची हिरवी, खडबडीत रंगाची बाटली इथे कामगारांची, मासे धरायला जाणाऱ्यांची म्हणून ओळखली जायची. दांडीवाला 'क्वेंचर' पेला त्यांनी २०१६ मध्ये आणला. ४० औंसांचा, म्हणजे साधारण १.१८ लिटर. तो फार चालला नाही. २०१९ च्या सुमाराला कंपनीने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, दुकानांत नवा माल येईना. पण तीन बायका 'द बाय गाइड' नावाने काय विकत घ्यावं याच्या शिफारशी लिहायच्या, त्यांना हा पेला मनापासून आवडला होता. त्यांनी कंपनीच्या मागे लागून पाच हजार पेले ठोकात स्वतः विकत घेतले आणि आपल्या वाचक बायकांना विकले. हातोहात गेले. त्यांनी कंपनीला सांगितलं, तुमचं गिऱ्हाईक बाई आहे, रंग काढा. २०२० मध्ये टेरेन्स रायली हे क्रॉक्स चपलांच्या कंपनीतून स्टॅन्लीचे अध्यक्ष म्हणून आले. रंग बदलून, थोडा थोडा माल सोडून लोकांना वाट बघायला लावायची विद्या ते तिथूनच घेऊन आले. कंपनीची वार्षिक उलाढाल २०१९ मध्ये सुमारे ७.३ कोटी डॉलर होती, ती २०२३ मध्ये ७५ कोटींवर गेली असं इथल्या वृत्तवाहिन्यांनी दिलं होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एका बाईची गाडी जळाली. तिने व्हिडिओ टाकला: गाडीचा कोळसा झालाय आणि पेला जागेवर, आत बर्फ अजून खुळखुळतोय. कंपनीने तिला नवी गाडी देऊ केली. अशी जाहिरात पैसे मोजून होत नाही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये व्हॅलेंटाइन डेचे गुलाबी-लाल पेले टार्गेट या दुकानसाखळीत आले, तेव्हा लोक पहाटेपासून रांगा लावून होते. किंमत ४५ डॉलर, आणि तेच पेले दुसऱ्या दिवशी ऑनलाइन कितीतरी पटीने.

मांजराकाठताई, तुमच्या वर्गातली गोष्ट इथेही झाली. त्याच महिन्यात 'दुसऱ्या कंपनीचा पेला नेला म्हणून मुलीला शाळेत चिडवलं' अशा आयांच्या तक्रारी बातम्यांत होत्या. आणि हा पहिला पेला नव्हे. २०१९ मध्ये हायड्रो फ्लास्क कंपनीच्या बाटल्यांची लाट होती, त्याच्याआधी यती कंपनीच्या. एक ओसरली की दुसरी.

आणखी एक बघा. हा पेला खाली निमुळता का? इथल्या गाड्यांमध्ये सीटच्या मधे पेला ठेवायची खाच असते, त्यात बसावा म्हणून. माणसाचा निम्मा दिवस गाडीत जातो, एका हाताने उचलायचा म्हणून दांडी, मान न वाकवता प्यायचा म्हणून नळी. इथे त्या आकाराला कारण आहे.

मांजराकाठ (लातूर)

@टाकोमा, शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. आमच्या मुली सायकलवर, स्कूटीवर, नाहीतर शेअर रिक्षात दाटीने बसून येतात. दप्तरात आडवा ठेवला तर तो सांडतो, म्हणून एका हातात धरूनच आणावा लागतो. ज्या सोयीसाठी तो आकार घडला ती सोय इथे नाहीच. आकार तेवढा आला, आणि हातात धरावा लागतो म्हणून तो आणखीच दिसतो.

गोदातीर (पैठण)

आमच्या आजोबांकडे फिरकीचा तांब्या होता. पितळेचा, गोल पोटाचा, वर आटे पाडलेलं झाकण, झाकणाला कडी. प्रवासाला निघताना तो भरून घ्यायचा. सगळ्यांकडे नसायचा. नाथषष्ठीला गर्दीत माणसं तांब्यावरून ओळखायची, हे अमक्या पाटलाचे. चिंचेने घासून सोन्यासारखा लख्ख करायचं काम आम्हा नातवंडांचं. प्रवासातलं पाण्याचं भांडं हा मानाचा विषय आपल्याकडे नवा नाही.

पण त्यातलं पाणी सगळ्यांचं असायचं. तहानलेला कुणी आला की आजोबा वरून धार सोडायचे, समोरचा ओंजळीने प्यायचा. या टंबलरची नळी दुसऱ्याला देता येते का? मला तो फरक महत्त्वाचा वाटतो.

निळाई (जालना)

गोदातीर, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवून लिहितो. वरून धार आणि खाली ओंजळ, हे प्रत्येकाच्या बाबतीत औदार्य नव्हतं. माझ्या आजीला गावात पाणी तसंच मिळायचं, कारण तिच्या हाताला भांडं लागलेलं चालत नव्हतं. चहाच्या टपरीवर आमच्या माणसांचे कप वेगळे, बाहेर वळचणीला खोचलेले, पिऊन झाल्यावर आपले आपण विसळून ठेवायचे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं ते पाण्यासाठीच.

या भूमीत पाण्याचं भांडं नुसतं भांडं कधीच नव्हतं, त्यावरून माणसाची पायरी ठरायची. म्हणून ती मुलगी बाटली पायाशी ठेवते हे वाचल्यावर मला आत काहीतरी लागलं. तिची जात कोणती ते मला माहीत नाही, विचारायचंही नाही. आज ते पैशाने होतंय. पण पाणी लपून प्यायची वेळ कुणावर येणं मला कुठल्याही कारणाने मान्य नाही.

आणि हो, स्वतःची नळी, स्वतःचा पेला, त्यावर स्वतःचं नाव, याचं आमच्या घरात वेगळं मोल आहे. माझ्या लेकीला मी टंबलर घेऊन दिलाय, आवडीच्या रंगाचा. ती तो सगळ्यांसमोर मधोमध ठेवते. मला ते बघायला आवडतं.

गोदातीर (पैठण)

निळाई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. ओंजळ कुणाची आणि पेला कुणाचा, हे आमच्या वाड्यातही ठरलेलं होतं. लिहिलंत ते बरं केलंत.

बारावीवाली

मी अंबाजोगाईची, आता संभाजीनगरला क्लाससाठी. माझ्याकडे टंबलर आहे, पिस्ता रंगाचा, भाऊबीजेच्या ओवाळणीतून घेतलेला. मॅडम, तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. दिवसभरात माझं म्हणून तेवढंच असतं. चाचणीत मार्क कमी आले की सगळे तक्त्यावर आपला नंबर बघतात. टंबलरवरून कुणी नंबर लावत नाही, छान आहे म्हणतात. मला ते पाहिजे असतं.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आम्ही मुली क्लासला पाणी कमी पितो. बाथरूमला जायची सोय नीट नसते, कडी नसते, पाणी नसतं, मजल्यावर एकच असतं. सकाळी प्यायलं की रूमवर येईपर्यंत धरून ठेवायचं. टंबलर समोर असला की सारखं प्यायलं जातं, आणि मग पंचाईत होते. माझी एक मैत्रीण तो अर्धाच भरून आणते. दिसायला टंबलर, आत दोन घोट.

मांजराकाठ (लातूर)

@बारावीवाली, बाळा, हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तूच सांगितलीस. या सोमवारी मी आमच्याकडच्या मुलींच्या स्वच्छतागृहांच्या कड्या, नळ आणि दिवे स्वतः बघणार आहे, आणि जे नाही त्याची लेखी मागणी करणार आहे. लघवी धरून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. कमी पाणी प्यायल्याने डोकं दुखतं, लक्ष लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ते आणखी घातक. तूही तुझ्या क्लासला दोघी-तिघी मिळून जा, एकटी जाऊ नकोस.

उजनीची वाट (धाराशिव)

लातूरकरांनो, २०१६ आठवतंय का? मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. एप्रिलमधली पहिली गाडी पाच लाख लिटरची, दहा वाघिणी (टाकीचे डबे). पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नाही. तेव्हा ज्याच्या बोअरला पाणी तो श्रीमंत. सोयरीक जुळवताना 'पाणी कसं आहे' हा प्रश्न शेतीच्या आधी यायचा. टंबलर घेऊन फिरणारी ही पोरं तेव्हा पहिली-दुसरीत असतील, रांगेत छोटी कळशी घेऊन उभी राहिलेली. त्यांना पाण्याचं भांडं मिरवावंसं वाटलं तर मला त्यात वावगं दिसत नाही.

हिरवी पायवाट (हिंगोली)

पर्यावरणाचं नाव घेऊन हे विकलं जातं, त्यावर थोडं. स्टीलचं भांडं बनवायला प्लॅस्टिकच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा आणि खनिज लागतं. ते वर्षानुवर्षं वापरलं तरच फेडलं जातं. एक घेतलं आणि दहा वर्षं वापरलं तर उत्तम. दर मोसमाला नवा रंग आणि जुना माळ्यावर, मग काही अर्थ उरत नाही. इथे आमच्या नात्यातल्या एका घरात चार माणसं आणि कपाटात एक ओळ भरून टंबलर आहेत.

काळी माती (सेलू)

सगळ्यांना एकसारखी बाटली सक्तीची करा. प्रश्न मिटला.

मांजराकाठ (लातूर)

@काळी माती, मिटणार नाही. उरलेली एक वस्तूही काढून घेतली तर भार केसांच्या क्लिपवर जाईल, पेनावर जाईल, घड्याळावर जाईल. मला उलट वाटतं की मुलांना स्वतःचं काही दाखवायला आणखी जागा हव्यात. भिंतीवर चित्रं लावू द्या, शनिवारी साधे कपडे घालू द्या, कुणाला गाता येतं, कुणाला पेटी वाजवता येते ते वर्गाला कळू द्या. चाचणीच्या तक्त्याशिवाय दुसरी कुठली ओळखच नसली तर मूल ती बाजारातून आणतं. आणि दुसरं, प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याची सोय हवी, म्हणजे लिटरभर पाणी वाहून आणायची गरजच उरत नाही, कुणालाच वाकावं लागत नाही. छोटी बाटली पुरते.

@भांडेआळी, एक विचारायचंय. मुली नकली माल फार घेतात. खरा निर्वात, म्हणजे भिंतींमधली हवा काढलेली पोकळी, कसा ओळखायचा? आणि स्टील?

भांडेआळी (नांदेड)

ताई, सोपं आहे. दुकानातच उकळतं पाणी ओतायला सांगा, झाकण लावा, पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग गरम लागलं तर निर्वात नाही, नुसत्या दोन भिंती आहेत. थंड लागलं तर माल बरोबर. असा माल वर्षाभराने गरम लागायला लागला तर समजा कुठेतरी आपटून निर्वात गेलाय, त्याला दुरुस्ती नाही. तळाला बसवलेली गोल टिकली निघाली असेल तर वापरूच नका. बऱ्याच कंपन्या निर्वाताचं भोक बंद करायला शिसं असलेली डाख वापरतात. ती टिकलीखाली झाकलेली असते तोवर पाण्याला लागत नाही, उघडी पडली तर लेकराच्या हाताला लागणार.

स्टीलचं म्हणाल तर आत ३०४ प्रतीचं पाहिजे, त्यालाच १८/८ म्हणतात, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. लोक लोहचुंबक लावून बघतात, त्यावर जाऊ नका. हलकं २०१ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. सरकारने स्टीलच्या निर्वात बाटल्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलंय, मानक आयएस १७५२६. ते चिन्ह आणि खालचा परवाना क्रमांक बघून घ्या.

सोयाबीन (उदगीर)

आमच्या बोअरचं पाणी जड आहे, टंबलरच्या आत पांढरा थर बसलाय आणि नळीला वास येऊ लालाय. झाकणातला रबरही काळा पडलाय. टाकून द्यायचा का?

भांडेआळी (नांदेड)

टाकू नका. थराला लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवा, सकाळी बाटलीच्या ब्रशने घासा. ब्लीच आणि तारेची घासणी स्टीलला अजिबात नको. नळीला बारीक ब्रश मिळतो, तो रोज फिरवायचा. रबर म्हणजे वायसर, तो सुरीच्या पाठीने हळूच उचलून काढा, त्याच्या खाचेतच बुरशी धरते. धुऊन पूर्ण वाळवूनच परत बसवा. काळेपणा गेला नाही तर वायसर बदला, सुटा मिळतो. झाकणाचा आतला व्यास मोजून इथे टाका, आमच्याकडे आहे का बघून सांगतो. उदगीरच्या बाजारातही प्रेशर कुकरचे वायसर विकणाऱ्याकडे विचारून बघा, बऱ्याचदा तिथेच मिळून जातो.